खालून येणारा चेंडू, वरून येणारा चेंडू

‘सॉफ्टबॉल म्हणजे मुलींचं बेसबॉलच ना?’ हे वाक्य मी गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद सोडून दिली. लग्नकार्यात ऐकलं, भिशीत ऐकलं, बँकेच्या रांगेतही ऐकलं. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या ‘मुलींचं’ या शब्दात एक ‘सोपं’ लपलेलं असतं, आणि ते माझ्या लेकीला बरोबर ऐकू येतं.

लेक सॉफ्टबॉल खेळते. पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. आठवीत असताना शाळेतल्या सरांनी तिला मैदानावर उभं केलं आणि आता ती बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. मी स्वतः शाळेत खो-खो खेळलेली. त्यामुळे गुडघे फुटणं, उन्हात करपणं, चपात्यांचा डबा बॅगेत विसरून येणं, या सगळ्याची मला सवय आहे. मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून बसायचं आणि विणकाम करता करता सामना बघायचा, हा माझा हिवाळ्यातला ठरलेला कार्यक्रम. बघता बघता खेळ कळू लागला.

या जुलैत मात्र प्रश्न नुसता बघण्याचा राहिला नाही. कॉलेजच्या मुलींच्या बेसबॉल संघाला पिचर मिळेना. ‘तुमची मुलगी चेंडू टाकतेच आहे, इथंही टाकेल. पंधरा दिवसांत सांगा,’ असा निरोप आला. घरात एकदम दोन पक्ष पडले. ह्यांचं म्हणणं, ‘दोन खेळांची दोन सर्टिफिकेटं होतील, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण असतं, कशाला सोडायचं?’ सासूबाई म्हणाल्या, ‘एक काय ते नीट करू दे पोरीला.’ आणि लेक माझ्याकडे बघत बसली.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी मुलगी असेल. आपल्याकडे शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत आणि लहान गावांत बरेचदा त्याच त्या मुली दोन्हीकडे उतरवल्या जातात. म्हणून हे दोन खेळ खरोखर किती वेगळे आहेत, ते मला जसं समजलं तसं सांगते.

मऊ चेंडू कवठासारखा कडक

आधी नावाचा घोळ. सॉफ्टबॉलचा चेंडू मऊ नसतो. १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागोत हा खेळ जन्माला आला तो बंद दालनात, आणि तेव्हा चेंडू म्हणून मुष्टियुद्धाचा एक हातमोजा गुंडाळून बांधला होता. मऊपणा तिथला. नाव चिकटलं, चेंडू बदलला. आज मुलींच्या सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच घेराचा असतो आणि वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम. मोठं कवठ हातात घेतल्यावर जसं वाटतं, साधारण तसंच, आकारानं आणि कडकपणानंही. बेसबॉलचा चेंडू त्यापेक्षा लहान, ९ इंच घेराचा आणि दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. संत्र्याएवढा म्हणा.

मैदानही वेगळं. बेसबॉलमध्ये पिचर आणि फलंदाजाची होम प्लेट यांच्यात ६० फूट ६ इंच अंतर असतं आणि पिचर १० इंच उंच मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. त्याला माउंड म्हणतात. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये हे अंतर ४३ फूट आणि पिचर सपाट जमिनीवर. बेसबॉलमध्ये दोन बेसमध्ये ९० फूट, सॉफ्टबॉलमध्ये ६०. तो खेळ नऊ डावांचा, हा सात डावांचा.

आकडे वाचून कुणालाही वाटेल की सगळं छोटं केलं, म्हणजे खेळ सोपा झाला. स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. मोठ्या पातेल्यातला भात निम्म्या तांदळाचा करायचा म्हटला तर नुसतं पाणी निम्मं करून भागतं का? आच बदलते, वेळ बदलतो, हात बदलतो. इथंही तसंच आहे.

गोफण आणि चिंचेचं झाड

दोन्ही खेळांतला सर्वांत मोठा फरक चेंडू टाकण्यात आहे. बेसबॉलचा पिचर चेंडू डोक्याच्या वरून टाकतो. चिंचेच्या झाडावर आपण दगड मारायचो तसा. पाय उचलायचा, अंग मागे न्यायचं, मग कंबर, खांदा, कोपर, मनगट अशी एकामागून एक ताकद सोडत जायची. त्यात तो उंचवट्यावर उभा, हात आणखी वर. त्यामुळे चेंडू उंचावरून सुटतो आणि फलंदाजाकडे येताना खाली उतरत येतो. मोठ्या व्यावसायिक सामन्यांत तो ताशी १४५ ते १६० किलोमीटर वेगानं येतो.

सॉफ्टबॉलची पिचर चेंडू खालून टाकते. पण ‘अंडरआर्म’ म्हटल्यावर गल्लीतल्या क्रिकेटमध्ये लहान भावाला टाकतो तसा चेंडू डोळ्यांसमोर आणू नका. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये हात खांद्यापासून सरळ पूर्ण वर्तुळात फिरतो. पुढून वर, वरून मागे, मागून खाली, आणि मांडीजवळ येताच मनगटाचा झटका देऊन चेंडू सुटतो. याला ‘विंडमिल’ म्हणजे पवनचक्की म्हणतात. मला तर शेतातली पाखरं हाकलणारी गोफण आठवते. गोफणीतला दगड खालूनच सुटतो, पण त्याला कुणी ‘हळू’ म्हणत नाही. सोबत पिचर मागच्या पायानं जमीन ढकलून लांब झेप घेते. वरच्या दर्जाच्या स्त्री पिचर ताशी १०० ते ११० किलोमीटरनं चेंडू टाकतात.

‘म्हणजे बेसबॉलपेक्षा हळूच की,’ असं कुणी म्हटलं तर त्याला अंतर आठवून द्यायचं. चेंडू सुटेपर्यंत पिचर पाच-सहा फूट पुढे आलेली असते. म्हणजे सॉफ्टबॉलचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला ३७ फूट कापतो, बेसबॉलचा साधारण ५५ फूट. मी लेकीच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करून पाहिला. ताशी १०५ किलोमीटरचा सॉफ्टबॉल आणि ताशी १४५ किलोमीटरचा बेसबॉल, दोघांनाही लागतात सेकंदाचे चार दशांश. डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ. फलंदाजापुढचं घड्याळ दोन्हीकडे सारखंच चालतं.

चेंडूचे प्रकारही वेगळे. बेसबॉलमध्ये फिरकीनं अचानक खाली घसरणारे आणि बाजूला वळणारे चेंडू असतात. सॉफ्टबॉलमध्येही खाली पडणारा ‘ड्रॉप’ आहे, वळणारा ‘कर्व्ह’ आहे, हात त्याच वेगानं फिरवून चेंडू मात्र हळू सोडायचा ‘चेंज-अप’ आहे. पण या खेळाचं खास रत्न म्हणजे ‘राइज बॉल’. चेंडू मांडीजवळून सुटतो, उलट फिरकी घेऊन वर चढत येतो आणि फलंदाजाच्या छातीशी पोचतो. शास्त्रज्ञ सांगतात की चेंडू हवेत अचानक वर उसळत नाही, उलट फिरकीमुळे तो जेवढा खाली यायला हवा तेवढा येत नाही, इतकंच. पण बॅट घेऊन उभी असलेली मुलगी शास्त्रज्ञ नसते. तिला तो चेंडू बॅटवरून उडी मारून गेल्यासारखा दिसतो.

पुतण्याचे तीन चेंडू

आमचा पुतण्या विद्यापीठाच्या संघातून बेसबॉल खेळलेला. चांगला फलंदाज. गेल्या दिवाळीत तो आला आणि लेकीला चिडवायला लागला. ‘काय ते खालून खालून टाकता तुम्ही!’ लेक म्हणाली, ‘दादा, चल मैदानावर.’ फराळाची ताटं तशीच ठेवून अख्खं घर शाळेच्या मैदानावर गेलं. मीही.

पहिला चेंडू गेला तेव्हा त्याची बॅट अजून खांद्यावरच होती. दुसऱ्याला बॅट फिरली, चेंडू तिच्या वरून गेला. तिसरा तिनं हळू सोडला; बॅट फिरून झाली, मग चेंडू आला. जाऊबाई टाळ्या वाजवून हसत होत्या, त्यांच्याच मुलाला! तो बिचारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘काकू, वेग फार नाहीये. पण कुठून निघतो तेच कळत नाही.’

त्याच्या या वाक्यातच सगळं आहे. चार दशांश सेकंदात चेंडू नीट बघून, विचार करून, मग बॅट फिरवायला कुणालाच वेळ मिळत नाही. निम्मा वेळ तर नुसतं ठरवण्यात जातो. मग मोठे फलंदाज मारतात कसे? ते चेंडू सुटण्याआधीच पिचरचा खांदा, कोपर, मनगट वाचतात. हजारो चेंडू खेळून त्यांच्या डोक्यात एक पोथीच तयार झालेली असते. असा खांदा वळला की असा चेंडू. जशी आपल्याला फोडणी तडतडण्याच्या आवाजावरून मोहरी झाली की नाही ते कळतं, वर झाकून बघावं लागत नाही. पण ही पोथी वरून येणाऱ्या हाताची आहे. हात खालून आला की पोथीतलं एकही पान उपयोगी पडत नाही.

हे पुतण्याचंच झालं असं नाही. २००४ साली अमेरिकेत एका प्रदर्शनी सामन्यात जेनी फिंच नावाच्या सॉफ्टबॉल पिचरनं बेसबॉलचे तेव्हाचे नामांकित फलंदाज अल्बर्ट पुहोल्स, माइक पियात्झा आणि ब्रायन जाइल्स यांना ओळीनं स्ट्राइक-आउट केलं. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात ती होती. त्याआधी १९६०च्या दशकात जोन जॉइस या पिचरनं टेड विल्यम्स या दिग्गज फलंदाजाला असंच हतबल केलं होतं. हे लोक कच्चे नव्हते. अब्जावधी रुपये कमावणारे, ताशी १५० किलोमीटरचे चेंडू रोज झोडपणारे होते. समोरचा खेळ दुसरा होता, एवढंच.

बॅट फिरवण्यातला फरक

आता फलंदाजी. बेसबॉलचा चेंडू उतरत येतो, म्हणून फलंदाज बॅट किंचित वरच्या दिशेनं नेतो, म्हणजे बॅट आणि चेंडू एकाच रेषेत जास्त वेळ राहतात. सॉफ्टबॉलमध्ये एक चेंडू चढत येतो, दुसरा पडत येतो. वर चढणाऱ्या चेंडूखाली बॅट नेली की एक तर हुकते किंवा चेंडू सरळ आकाशात जाऊन झेल होतो. म्हणून मुलींना बॅट आखूड, सपाट आणि झटपट फिरवायला शिकवतात. हात अंगाजवळ, उगाच मोठा झोका नाही.

बॅटही वेगळी. मोठ्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये बॅट एकसंध लाकडाचीच लागते. सॉफ्टबॉलची बॅट अ‍ॅल्युमिनियमची किंवा कंपोझिट, जास्तीत जास्त ३४ इंच लांब आणि बेसबॉलच्या बॅटपेक्षा बारीक. म्हणजे चेंडू मोठा पण बॅट बारीक, असा उलटा हिशेब. दुकानदार ‘दोन्हीला चालते ताई’ म्हणून एकच बॅट गळ्यात मारू बघतो, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

आणि एक खास सॉफ्टबॉलची चीज सांगते, बघायला फार मजा येते. तिला ‘स्लॅप’ म्हणतात. डावखुऱ्या बाजूनं उभी राहिलेली मुलगी चेंडू येत असतानाच पळायला सुरुवात करते आणि पळता पळता चेंडूला चापट मारल्यासारखी बॅट लावते. पहिला बेस फक्त ६० फुटांवर. चपळ मुलगी तीन सेकंदांच्या आत तिथं पोचते. तेवढ्यात चेंडू उचलून फेकायला क्षेत्ररक्षक मुलींची त्रेधा उडते. बेसबॉलमध्ये पहिला बेस ९० फुटांवर असल्यानं ही युक्ती तिथं तेवढी चालत नाही. नुसती बॅट आडवी धरून चेंडू पायाशी मारून ठेवायचा, ज्याला ‘बंट’ म्हणतात, तोही सॉफ्टबॉलमध्ये जास्त दिसतो. आमच्या संघात एक अगदी किडकिडीत मुलगी आहे. तिचा फटका कधी लांब जात नाही, पण स्लॅप करून ती सामन्यात दोनदा तरी बेसवर असतेच. ‘ताकद नाही’ म्हणून कुणी घरी बसवलेल्या मुलीला या खेळात जागा आहे, हे मला फार आवडतं.

धावण्याचा नियमही पिचरचं काम बदलतो. बेसबॉलमध्ये बेसवरचा खेळाडू चेंडू सुटण्याआधीच चार पावलं पुढे सरकून उभा राहू शकतो. पिचरला एक डोळा त्याच्यावर ठेवावा लागतो, मध्येच वळून तिकडे चेंडू फेकावा लागतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही. त्यामुळे पिचरचं सारं लक्ष समोरच्या बॅटवर.

ज्या लीगनं वाट चालून दाखवली

एका खेळातून दुसऱ्यात जाणं काय असतं, याचं एक खरं उदाहरण वाचायला मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले बेसबॉल खेळाडू लष्करात गेले, तेव्हा १९४३ साली मुलींची एक व्यावसायिक लीग सुरू झाली. ती १९५४पर्यंत चालली. तिच्यावर १९९२ साली चित्रपटही निघाला. ही लीग सुरू झाली तेव्हा चेंडू सॉफ्टबॉलएवढा, १२ इंचांचा होता. अंतर ४० फूट आणि टाकायची पद्धत खालून. मग दर एक-दोन वर्षांनी चेंडू लहान होत गेला, अंतर वाढत गेलं. १९४६मध्ये बाजूनं टाकायला परवानगी मिळाली, १९४८मध्ये वरून टाकणं आलं. शेवटच्या वर्षी चेंडू ९ इंचांचा आणि अंतर ६० फूट झालं होतं. बारा वर्षांत सॉफ्टबॉलचं बेसबॉल झालं.

या बदलात काय झालं? कॉनी विस्नेव्स्की ही त्या लीगची नावाजलेली पिचर. खालून टाकायची. १९४५ आणि १९४६ या दोन्ही वर्षी तिनं तीसहून अधिक सामने जिंकून दिले. पण वरून टाकायचा नियम आला तेव्हा तिनं पिचिंग सोडलं आणि मैदानात मागे उभी राहून क्षेत्ररक्षण आणि फलंदाजी केली. ती उत्तम फलंदाज म्हणूनही गाजली. खेळ तिनं सोडला नाही, जागा बदलली. हे वाचून मी लेकीला हाक मारली आणि म्हटलं, ‘हे बघ.’

कारण जुलैच्या त्या पंधरा दिवसांत ती चार वेळा बेसबॉलच्या सरावाला जाऊन आली होती. क्षेत्ररक्षण करताना मुली दोन्ही खेळांत चेंडू वरूनच फेकतात, त्यामुळे तिथं अडचण नव्हती. बॅटिंगही हळूहळू जमली. सरळ वेगवान चेंडू तिसऱ्या दिवशी लागायला लागले, वळून खाली घसरणारे मात्र चकवत राहिले. तिची पोथी खालून येणाऱ्या हाताची ना! पिचिंगला उभं केलं तेव्हा ६० फुटांवरून चेंडू प्लेटच्या अलीकडेच टप्पा घ्यायचा. लहान चेंडूवर बोटं कुठं ठेवायची, उतारावर पाय कुठं टाकायचा, सगळंच नव्यानं. ‘आई, मी परत आठवीत गेल्यासारखं वाटतंय,’ ती म्हणाली.

वेणी घालता येईना

खरा प्रश्न मात्र खांद्याचा होता. गेल्या वर्षी एका स्पर्धेत तीन दिवसांत पाच सामने झाले आणि पाचही सामने तिनंच टाकले. मी विचारलं, तर संघाबरोबरचे प्रशिक्षक म्हणाले, ‘अंडरआर्म आहे हो, खांद्याला काही होत नाही.’ घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आरशासमोर उभी होती. वेणी घालायला हात वर जात नव्हता.

जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी खांद्याच्या पुढच्या भागावर बोट ठेवलं आणि लेक कळवळली. दंडाचा स्नायू जिथं खांद्याला चिकटतो तिथं सूज होती. सहा आठवडे चेंडू बंद. त्या म्हणाल्या, ‘खालून टाकलं म्हणजे निर्धोक, असं कुणीतरी सांगितलेलं असतंच.’ खालून टाकणं शरीराला नैसर्गिक असतं म्हणून कितीही टाका, हा समज जगभर आहे. मोजमाप करणाऱ्या संशोधकांना मात्र विंडमिल पिचिंगमध्ये खांद्यावर येणारा ताण वरून टाकणाऱ्यांच्या तोडीचा आढळला आहे.

बेसबॉलमध्ये या बाबतीत लोक शहाणे झालेत, तेही ठेच लागून. वरून टाकताना कोपराच्या आतल्या बाजूचा बंध तुटतो. १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरावर नव्या प्रकारची शस्त्रक्रिया झाली आणि आजही ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. म्हणून तिथं एका सामन्यात चेंडू मोजतात, शंभराच्या आसपास गेले की पिचर बदलतात आणि मुख्य पिचरला चार-पाच दिवस विश्रांती देतात. सॉफ्टबॉलमध्ये मात्र एकीवरच सगळा संघ अवलंबून, हे सर्रास चालतं.

याचं सर्वांत थरारक उदाहरण जपानच्या युकिको उएनोचं. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिनं दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि जपानला सुवर्णपदक मिळवून दिलं. जपानमध्ये तो ४१३ आकडा दंतकथेसारखा सांगतात. पुढे ऑलिंपिकमधून सॉफ्टबॉल वगळला गेला. तो परत आला तो टोकियोत, २०२१ साली, आणि ३९ वर्षांच्या उएनोनं पुन्हा सुवर्णपदक जिंकलं. वाचताना अंगावर काटा येतो. पण मी लेकीला सांगितलं, उएनोच्या मागे डॉक्टर होते, मसाज करणारे होते, वर्षानुवर्षांची तयारी होती. आपल्याकडे बर्फाचा तुकडासुद्धा समोरच्या रसवंतीगृहातून मागून आणावा लागतो.

आम्ही काय ठरवलं

पंधराव्या दिवशी निरोप पाठवला. बेसबॉल खेळेल, पण फलंदाज आणि क्षेत्ररक्षक म्हणून. पिचिंग करेल ते सॉफ्टबॉलमध्येच. एकाच खांद्यानं, एकाच मोसमात, दोन वेगळ्या पद्धतींनी चेंडू टाकायचा नाही. सुरुवातीला नाराजी झाली. ‘बाकीच्या आया काही बोलत नाहीत,’ असंही ऐकवलं गेलं. मग त्यांनी लांब फेकणारी दुसरी एक मुलगी शोधली. भालाफेक करणारी आहे, वरून टाकणं तिला चटकन जमतंय. सॉफ्टबॉलच्या संघातही एक अकरावीतली मुलगी दुसरी पिचर म्हणून तयार होतेय. लेकच तिला शिकवते. ह्यांना दोन सर्टिफिकेटं हवी होती, तीही मिळतील कदाचित, आणि नाही मिळाली तरी वेणी घालता येतेय.

तुमची मुलगी यातलं काही खेळत असेल तर एवढं जरूर करा:

● सराव आणि सामना मिळून किती चेंडू टाकले ते वहीत लिहून ठेवा. दुधाचा हिशेब ठेवतो तसाच.

● संघात पिचर एकच असेल तर दुसरी तयार करायला आग्रह धरा. चार आयांनी मिळून सांगितलं तर ऐकलं जातं.

● खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कोपराच्या आत दुखत असेल तर तेल चोळून सामन्याला पाठवू नका. आधी दाखवा.

● दोन्ही खेळ खेळायचे असतील तर बॅट वेगळी, सरावाचे दिवस वेगळे आणि पिचिंग एकातच.

● हेल्मेट डोक्याला घट्ट बसतं ना, ते स्वतः हलवून बघा. ४३ फुटांवरून येणाऱ्या चेंडूला ‘सॉफ्ट’ नाव असलं तरी तो लागतो.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा आहे. सामने टीव्हीवर दिसले तर जरूर बघा, घरातल्या मुलींना आणि मुलांनाही शेजारी बसवून. पिचरच्या हाताकडे नजर ठेवा. हात वर्तुळात फिरेल, मांडीजवळून चेंडू सुटेल, आणि बॅटीनं तो नुसता गाठायला फलंदाजाला किती आटापिटा करावा लागतो ते दिसेल. मग कुणी ‘मुलींचं बेसबॉल’ म्हणालं तर तुमच्याकडे उत्तर असेल. आणि कुणी ‘खालून टाकते, खांद्याला काही होत नाही’ म्हणालं, तर त्यालाही.